कणभौतिकीचे संशोधन लोकांना सांगताना: खात्री किती, हे पहिल्या वाक्यात सांगा

तुमचा प्रश्न मी असा समजते. तुम्ही एका विद्यापीठात पीएच.डी. करत आहात आणि तुमचा गट एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाचा भाग आहे. त्या प्रयोगाने नुकत्याच जाहीर केलेल्या एका मोजणीत स्टँडर्ड मॉडेलच्या, म्हणजे मूलकणांविषयीच्या प्रचलित सिद्धान्ताच्या, भाकितापेक्षा थोडा वेगळा, तीन सिग्माच्या आसपासचा आकडा आला आहे (सिग्मा हे फरक किती ठळक आहे याचे माप, ते पुढे समजावते). जिल्ह्याच्या दैनिकाच्या बातमीदाराने तुम्हाला फोन केला आहे. तुम्हाला बोलायचे आहे, पण ‘नव्या बलाचा शोध’ असा मथळा येईल अशी भीती वाटते. मार्गदर्शक गप्प बसायला सांगतात. आणि घरचे विचारतात की याचा उपयोग काय. एवढे सांगून तुम्ही विचारले आहे की इतके अवघड भौतिकशास्त्र सोपे करून कसे सांगावे.

माझ्या मते तुमची खरी अडचण सोपे करण्याची नाही. अशाच एका प्रयोगात मी अनेक वर्षे काम करते आणि गटाच्या वतीने पत्रकारांशी बोलण्याचे कामही माझ्याकडे असते. विषय अवघड म्हणून बिघडलेल्या बातम्या मी थोड्याच पाहिल्या आहेत. बहुतेक बातम्या बिघडल्या त्या निष्कर्षाची खात्री किती आहे हे वाचकापर्यंत न पोहोचल्यामुळे. क्वार्क म्हणजे काय हे अर्धवटच समजलेल्या वाचकाचे फारसे बिघडत नाही. संकेत कोणता आणि शोध कोणता हे मात्र त्याला कळले नाही, तर वर्षभराने तो संकेत विरून गेल्यावर शास्त्रज्ञांनी आपल्याला फसवले असेच तो समजतो, आणि त्यानंतर आपण कितीही सोपे करून सांगितले तरी त्याचा विश्वास बसत नाही.

यातले काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. निष्कर्ष प्रयोगसमूहाने अधिकृतपणे जाहीर केलेला असेल तरच तुम्ही त्यावर बोलू शकता. अंतर्गत चर्चेतला आकडा बाहेर सांगणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय तो आकडा बदलण्याची शक्यताही मोठी असते. विश्लेषणात तुमचा प्रत्यक्ष सहभाग असेल तर तुम्ही तपशिलात जाऊ शकता, नसेल तर समूहाच्या निवेदनाबाहेर जाऊ नये. बातमीदाराकडे रविवारच्या पुरवणीचे पान आहे की आज रात्रीच्या आवृत्तीतली दोनशे शब्दांची जागा आहे, यावरही किती सांगायचे ते ठरते. म्हणून फोन आल्यावर पहिला प्रश्न तुम्हीच विचारा: बातमी कधी द्यायची आहे आणि जागा किती आहे.

आता सिग्माविषयी. बातमीदार ते विचारणारच, आणि सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाची घोषणा झाली तेव्हा पाच सिग्मा म्हणजे ‘कण सापडल्याची खात्री ९९.९९९९ टक्के’ असे अनेक ठिकाणी छापून आले. हा अर्थ चुकीचा आहे. पाच सिग्माचा अर्थ असा की नवे काहीही अस्तित्वात नसते, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक असते. मी बातमीदारांना नाण्याचे उदाहरण देते, कारण आकड्यापेक्षा ते लक्षात राहते. पाच सिग्मा म्हणजे नाणे उडवून सलग २१-२२ वेळा छापा पडणे आणि तीन सिग्मा म्हणजे सलग नऊ-दहा वेळा छापा पडणे. सलग दहा छापे पडले की नाण्याविषयी शंका येणे साहजिक आहे, पण मैदानात हजार माणसे नाणी उडवत असतील तर त्यांतल्या एखाद्याला असे छापे पडले म्हणून नवल वाटायला नको. मोठ्या प्रयोगात एकाच वेळी शेकडो मोजण्या चालू असतात. त्यामुळे कुठेतरी तीन सिग्माचा फरक दिसणे हे अपेक्षितच असते. तुमच्या निष्कर्षाबद्दल एवढी एक गोष्ट नीट पोहोचली तरी अर्धे काम झाले.

पण सिग्मा फक्त योगायोगाचा हिशेब करतो. नाणेच खोटे असेल, म्हणजे उपकरणात किंवा गृहीतकांत कुणाच्या लक्षात न आलेली चूक असेल, तर कितीही सिग्मा असले तरी उपयोग नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटर दूर इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत पोहोचणारे न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ अडथळ्याविना जाणारे सूक्ष्म कण, प्रकाशाला लागणाऱ्या वेळेपेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर येत आहेत. त्यांची सांख्यिकी खात्री सहा सिग्माची होती. सर्नच्या प्रसिद्धिपत्रकाच्या मथळ्यात ‘शोध’ हा शब्द नव्हता, वेळेत विसंगती आढळली एवढेच म्हटले होते, आणि इतरांनी ही मोजणी तपासावी असे आवाहनही केले होते. तरीही जगभर ‘आइन्स्टाइन चुकला’ असे मथळे आले. पुढे २०१२ च्या सुरुवातीला कळले की एक ऑप्टिकल फायबर केबल नीट बसलेली नव्हती आणि घड्याळाच्या यंत्रणेतही दोष होता. त्याच प्रयोगशाळेतल्या इकारस प्रयोगालाही न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान दिसले नाहीत. पहिल्या घोषणेच्या वेळीच इटलीच्या शिक्षणमंत्र्यांच्या कार्यालयाने अभिनंदनाचे एक पत्रक काढले होते, आणि त्यात सर्न ते ग्रान सासो असा बोगदा बांधण्यासाठी इटलीने साडेचार कोटी युरो दिल्याचे म्हटले होते. असा बोगदा मुळात नाहीच, कारण न्यूट्रिनो खडकातून सरळ आरपार जातात. यावरून मी एक नियम पाळते: संस्थेच्या कार्यालयातून, विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागातून किंवा कुलगुरूंच्या नावाने जाणारे कोणतेही पत्रक विश्लेषण केलेल्या व्यक्तीच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पाठवायचे नाही.

तुमच्या परिस्थितीशी अधिक जुळणारे उदाहरण सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगाचे आहे. मार्च २०२१ मध्ये त्यांना बी मेसॉन या अल्पायुषी कणाच्या विघटनात इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) यांच्या वागण्यात ३.१ सिग्माचा फरक दिसला. कुणीही शोध लागल्याचा दावा केला नव्हता, पण नवे बल सापडल्याच्या चर्चा भरपूर झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच समूहाने अधिक बारकाईने केलेले विश्लेषण मांडले. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेले काही कण प्रत्यक्षात हॅड्रॉन, म्हणजे प्रोटॉनच्या कुळातले वेगळेच कण, होते. ते वेगळे काढल्यावर आकडा स्टँडर्ड मॉडेलशी जुळला. शास्त्र म्हणून हे उत्तम काम आहे: समूहाने आपलाच निष्कर्ष तपासला आणि दुरुस्त केला. परंतु पहिल्या बातमीला जेवढी जागा मिळाली तेवढी दुसरीला मिळाली नाही, आणि सामान्य वाचकाच्या मनात ते नवे बल अजूनही कुठेतरी शिल्लक आहे. म्हणून संकेताची बातमी देतानाच बातमीदाराला सांगून ठेवा की पुढच्या मोजणीचा निकाल काहीही आला तरी मी स्वतः तुम्हाला कळवीन, आणि तसे खरोखर कळवा. दोन-तीन बातमीदारांशी असे नाते जमले की पुढची कामे फार सोपी होतात.

हे चांगल्या रीतीनेही करता येते, याचे सर्वांत ठळक उदाहरण हिग्जचेच आहे. डिसेंबर २०११ मध्ये सर्नमधल्या ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी जाहीर चर्चासत्र घेऊन सांगितले की १२५ जीईव्हीच्या (जीईव्ही हे कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आसपास काहीतरी दिसत आहे, पण ते पुरेसे नाही, आणि २०१२ मधल्या मोजण्यांतून निर्णय लागेल. त्यामुळे ४ जुलै २०१२ ला घोषणा झाली तेव्हा जगभरच्या विज्ञान पत्रकारांना ‘पुरेसे’ म्हणजे किती हे आधीच माहीत होते. घोषणेच्या दिवशीही समूहांनी ‘नवा कण’, फार तर ‘हिग्जसारखा कण’ एवढेच म्हटले, आणि मार्च २०१३ मध्ये गुणधर्म तपासून झाल्यावरच त्याला हिग्ज बोसॉन म्हणायला सुरुवात केली. काही पत्रकारांना हा संयम तेव्हा अनावश्यक वाटला होता. मला वाटते, त्या घोषणेवरचा लोकांचा विश्वास टिकला तो या संयमामुळेच.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे येते. मथळा बातमीदार देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, आणि जागा कमी पडली की बातमी शेवटून कापली जाते. विद्यार्थी लिहून पाठवतात त्या टिपणांत साधारण असा क्रम असतो: आधी विश्वाची रहस्ये, मग स्टँडर्ड मॉडेलची ओळख, मग ‘या सिद्धान्ताला धक्का देणारा’ निष्कर्ष, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘अर्थात अधिक अभ्यासाची गरज आहे’. डेस्कवर तो शेवटचा परिच्छेद गळतो आणि धक्का तेवढा उरतो. त्याऐवजी सुरुवात अशी करावी: ‘एका कणाच्या विघटनाची नवी मोजणी प्रचलित सिद्धान्ताशी पूर्णपणे जुळलेली नाही, मात्र हा फरक योगायोगाचाही असू शकतो आणि तो खरा आहे असे शास्त्रज्ञ अजून म्हणत नाहीत. पुढील निरीक्षणांत तो टिकला आणि दुसऱ्या एखाद्या प्रयोगालाही दिसला, तरच तो शोध मानला जाईल.’ या दोन वाक्यांत काय दिसले, खात्री किती आणि पुढे कशाने निर्णय लागेल हे तिन्ही आले. त्याखालचे सगळे कापले गेले तरी बातमी खोटी ठरत नाही. वर एक मथळाही सुचवून द्या: ‘कणांच्या मोजणीत न जुळणारा आकडा, शास्त्रज्ञांचा सावध पवित्रा’. उपसंपादकाला घाई असते. नेमका आणि छापण्याजोगा मथळा आयता मिळाला तर तो बहुधा वापरतो.

फोनवर बोलताना नकार वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. बातमीदार विचारतो, “म्हणजे आजवरचा सिद्धान्त चुकला, असं म्हणायचं का?” यावर संकोचाने “तसं अगदीच म्हणता येणार नाही, पण हे फार रोमांचक आहे” असे उत्तर दिले, तर छापून येते ते ‘पण’च्या पुढचे. त्याऐवजी “नाही, तसं म्हणता येणार नाही. एक आकडा जुळत नाही आणि तो का जुळत नाही हे आम्ही शोधतो आहोत” असे म्हणावे. तुमचा उत्साह लपवू नका. अशा आकड्यामागे लागण्यात आमचे आयुष्य जाते, ते आम्हाला आवडते म्हणूनच, आणि वाचकालाही तेच ऐकायचे असते. बातमी छापण्यापूर्वी दाखवा असा आग्रह धरू नका, ते संपादकीय स्वातंत्र्याच्या आड येते. आकडे, नावे आणि माझ्या तोंडी घातलेली वाक्ये फोनवर वाचून दाखवाल का, असे विचारले तर बहुतेक बातमीदार आनंदाने तयार होतात.

श्रेयाबाबत विशेष जपा. जिल्ह्याच्या दैनिकाला ‘आपल्या तालुक्याच्या मुलीने लावला शोध’ अशी बातमी हवी असते आणि त्यात वाईट हेतू नसतो. पण २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस यांनी हिग्जच्या वस्तुमानावर मिळून प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधावर ५,१५४ लेखकांची नावे होती. ३३ पानांपैकी मूळ निबंध आणि संदर्भ नऊ पानांचे आणि उरलेली २४ पाने लेखकांच्या नावांची व संस्थांची. अशा कामात ‘लावला शोध’ म्हणणे हजारो सहकाऱ्यांवर अन्याय आहे, पण ‘मी फक्त छोटासा भाग आहे’ असे म्हणून विषय टाळणेही बरोबर नाही. तुमचा भाग नेमका सांगा. सीएमएसमध्ये हॅड्रॉन कॅलरीमीटरचा, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रणेचा, चुंबकाबाहेरचा भाग उभारण्यात मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाचा मोठा वाटा होता, हे वाक्य कोणत्याही फुगवलेल्या मथळ्यापेक्षा अधिक अभिमानाचे आहे, आणि ते खरे आहे.

भीतीच्या प्रश्नांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे त्यांना हसण्याची वाईट सवय आहे. १० सप्टेंबर २००८ ला एलएचसी या सर्नच्या महाकाय कणवेगवर्धक यंत्रात प्रथम प्रोटॉनचा झोत फिरवला गेला, तेव्हा भारतातील काही वृत्तवाहिन्यांनी कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी नष्ट होणार का, हाच विषय दिवसभर चालवला. त्या धास्तीने मध्य प्रदेशातील एका किशोरवयीन मुलीने जीव दिल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. त्या दिवशी यंत्रात एकही टक्कर होणार नव्हती, झोत फक्त एक फेरी पूर्ण करणार होता, ही साधी गोष्ट फार थोड्या ठिकाणी सांगितली गेली. सुरक्षिततेचे उत्तरही साधेच आहे: एलएचसीतल्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जेचे वैश्विक किरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळत आहेत आणि पृथ्वी शाबूत आहे. हे उत्तर पहिल्या वाक्यात, शांतपणे आणि विचारणाऱ्याचा मान राखून द्यावे लागते.

कधीकधी मात्र आपण विचारलेल्या प्रश्नाऐवजी आपल्या सोयीच्या प्रश्नाला उत्तर देतो. आयएनओ, म्हणजे भारतातील नियोजित न्यूट्रिनो वेधशाळा, हे त्याचे उदाहरण आहे आणि आपल्या क्षेत्रातील प्रत्येकाने ते अभ्यासले पाहिजे. निलगिरीतील सिंगारा ही आधीची जागा वन्यजीवांच्या कारणावरून नाकारली गेल्यावर तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातील बोडी पश्चिम टेकड्या निवडण्यात आल्या. सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा खणून डोंगराच्या पोटात चुंबकित लोखंडाचा सुमारे ५० हजार टनांचा डिटेक्टर उभारायचा, अशी योजना होती आणि टीआयएफआर यजमान संस्था होती. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. त्यानंतर आंदोलने आणि न्यायालयीन लढाया सुरू झाल्या, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली, आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात या जागेला विरोध करणारे प्रतिज्ञापत्र दिले.

विरोधात अफवा होत्याच: तिथे अणुकचरा पुरणार, न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होणार. त्यांना शास्त्रज्ञांनी दिलेले उत्तर अचूक होते. सूर्याकडून येणारे सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून जातात आणि आपल्याला काहीही होत नाही. परंतु गावकऱ्यांचे आणि पर्यावरण कार्यकर्त्यांचे अनेक प्रश्न डोंगराबद्दल होते: सुरुंगांचे हादरे किती बसतील, जवळच्या धरणांचे काय, पाणी किती लागेल, खोदलेला दगड कुठे टाकणार, वन्यप्राण्यांच्या वाटांचे काय होणार. हे प्रश्न अज्ञानातून आलेले नव्हते, आणि न्यूट्रिनो निरुपद्रवी असल्याचे सांगून त्यांचे समाधान होणे शक्य नव्हते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटाने १९६५ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद केली होती, तीही चालू खाणीत, कामगारांच्या शेजारी. हा इतिहास आणि सुरुंगांचा हिशेब गावच्या भाषेत, गावात बसून, मंजुरीच्या आधी सांगायला हवा होता असे माझे ठाम मत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. तिचा विषय गुरुत्वीय लहरींचा असला तरी जमीन, रस्ते आणि पाणी यांचे प्रश्न तिथेही असेच विचारले जातील, आणि ते मराठीत विचारले जातील.

उपयोगाच्या प्रश्नावर माझे उत्तर ठरलेले आहे आणि मी ते कधी फुगवत नाही. तुमच्या मोजणीचा आज काही व्यावहारिक उपयोग नाही, असे स्पष्ट सांगा. ती विश्व कशाचे बनले आहे हे समजण्यासाठी आहे, आणि हे कारण पुरेसे आहे. त्यानंतर हवे तर सांगा की यासाठी विकसित झालेल्या तंत्रांचा उपयोग होतो: वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ मध्ये सर्नमध्ये मांडली गेली, आणि कण वेगवान करण्याच्या तंत्रामुळे आज नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात प्रोटॉन किरणांनी कर्करोगावर उपचार होतात. पण हे श्रेय तंत्रज्ञानाचे आहे, तुमच्या तीन सिग्मांचे नाही, हा फरक राखा. घरच्यांना तर हे अधिकच मोकळेपणाने सांगता येते. माझा अनुभव असा आहे की सरळ उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न भौतिकशास्त्राचा येतो.

राहिले मार्गदर्शकांचे. त्यांची काळजी निराधार नाही. बिघडलेल्या बातमीचा त्रास गटप्रमुखालाच भोगावा लागतो. परंतु बातमीदाराला कुणीच काही सांगितले नाही, तर तो परदेशी संकेतस्थळावरचा मजकूर घाईने भाषांतरित करून छापतो. तेव्हा वर दिली आहेत तशी दोन वाक्ये, सुचवलेला मथळा आणि तुमच्या गटाने नेमके काय केले ते सांगणारी तीन-चार वाक्ये, असे अर्ध्या पानाचे टिपण आजच तयार करा. त्यातला प्रत्येक दावा समूहाच्या जाहीर निवेदनात कुठे आहे ते समासात लिहा आणि कागद मार्गदर्शकांसमोर ठेवा. बोलायचे त्यांनी की तुम्ही, हे त्यांना ठरवू द्या. तरीही त्यांनी नकार दिला तर बातमीदाराला तसे सांगा आणि समूहाच्या माध्यम विभागाचा संपर्क द्या. प्रत्येक मोठ्या प्रयोगात असा विभाग असतो आणि स्थानिक वृत्तपत्रांनाही तो उत्तर देतो.